क्षार, खार आणि क्षारता: एका शब्दाची फोड

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळा आला की लिफ्टशेजारी सूचना लागते: ‘बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने ते पिण्यासाठी वापरू नये.’ त्याच इमारतीत नववीतलं एखादं मूल ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा वाचत असतं. एखाद्या घरी आजी सुनेला पापडखाराचं माप सांगत असतात. बाल्कनीत झाडं लावणाऱ्याच्या हातात माती परीक्षणाचा कागद असतो आणि त्यात ‘विद्राव्य क्षार’ असा रकाना असतो. कुणाला जुलाब झालेले असतात आणि डॉक्टर म्हणतात, अंगातले क्षार कमी झालेत.

शब्द एक, पदार्थ मात्र दर वेळी वेगळा, आणि कधी कधी तर अगदी उलट्या स्वभावाचा. ही गल्लत बोलण्यापुरती राहिली असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण तिच्यापायी चुकीचं यंत्र विकत घेतलं जातं, कुंडीत नको ते खत पडतं आणि स्लॅबच्या दुरुस्तीला नको ते पाणी वापरलं जातं.

मराठीत ‘क्षार’ या शब्दाखाली मुख्यतः दोन वेगळ्या गोष्टी राहतात. एक म्हणजे मीठ या जातीचे पदार्थ: खायचं मीठ, पाण्यात विरघळलेली कॅल्शियम-मॅग्नेशियमची संयुगं, मातीतली लवणं. दुसरी म्हणजे आम्लाला मारणारे, हाताला बुळबुळीत लागणारे पदार्थ: चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, राखेचं पाणी. या दोन्हींतला फरक स्वयंपाकघरात पाच मिनिटांत डोळ्यांनी पाहता येतो.

चमचाभर शुद्ध हळद तीन-चार चमचे स्पिरिटमध्ये किंवा पाण्यासारख्या पातळ सॅनिटायझरमध्ये कालवा. नुसत्या पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही. पांढरा टिपकागद त्यात बुडवून सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. एका पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका: पिवळी ती पिवळीच. दुसरीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका: जागच्या जागी तांबडा डाग. त्या डागावर व्हिनेगरचा थेंब टाकला की तो पुन्हा पिवळा होतो. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागल्यावर लाल होतो तो याच कारणाने, आणि हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच कारणाने. हळद साधारण साडेसात सामूपर्यंत पिवळी राहते आणि साडेआठच्या पुढे लाल होते. (सामू म्हणजे पीएच, आम्लपणा मोजण्याचं माप: सातच्या खाली आम्ल, सातच्या वर आम्लाला मारणारं.)

आता तिसऱ्या पट्टीवर त्या ‘क्षार जास्त’ असलेल्या बोअरच्या पाण्याचा थेंब टाका. बहुतेक वेळा ती पिवळीच राहते. सूचनेतला क्षार पहिल्या जातीचा आहे, दुसऱ्या नाही.

मग दोघांना एकच नाव पडलं कसं? याचं उत्तर राखेत आहे. जुन्या काळी क्षार हे एका कृतीचं फळ होतं. ठरावीक झाडं जाळायची, राख पाण्यात कालवायची, निवळ गाळून घ्यायची आणि आटवायची. खाली जे पांढरं उरतं तो क्षार. जवापासून केला तो यवक्षार, म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांच्या राखेतून निघाला तो सज्जीखार, म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट. पाण्यात विरघळतो, आटवला की पांढरा उरतो, जिभेला झोंबतो: ओळख एवढीच. या कसोटीला मीठही उतरतं आणि सोडाही. संस्कृत ‘क्षार’चाच प्राकृतातून ‘खार’ झाला. खारे दाणे, खारवलेली मासळी, खारफुटी, पापडखार, इतकंच काय, पदराला लागणारा खारसुद्धा तिथलाच. अरबीतला ‘अल-कली’ हा शब्दही खाऱ्या झुडपांच्या राखेसाठीच होता. तोच पुढे युरोपात जाऊन ‘अल्कली’ झाला.

सुश्रुतसंहितेत क्षार करण्याच्या विधीवर स्वतंत्र अध्याय आहे. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे प्रकार सांगितले आहेत आणि राखेच्या पाण्यात भाजलेली चुनखडी व शिंपले घालायला सांगितलं आहे. आजच्या भाषेत हे पोटॅशियम कार्बोनेटचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड करणं आहे, म्हणजे सौम्य क्षाराचा दाहक क्षार. त्याने भाजलं तर वरून आंबट पदार्थ लावायचा हेही तिथे आहे. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात हे व्यवहारात किती आधी कळलं होतं ते यावरून दिसतं. आयुर्वेदातला क्षार, क्षारसूत्रातलाही (म्हणजे क्षार लावलेल्या औषधी दोऱ्यातलाही), हा असा दुसऱ्या जातीचा आहे.

पापडखार त्याच घराण्यातला. सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट हा त्याचा गाभा. उडदाच्या किलोभर पिठाला साधारण ३५ ते ५० ग्रॅम पडतो. त्याने पीठ चिवट होतं, लाटी न तुटता पातळ लाटली जाते आणि तळताना वायू सुटून पापड फुलतो. जास्त झाला तर पापड तांबूस पडतो आणि चवीला साबणासारखा लागतो. म्हणून मीठ कमी पडलं तर खार वाढवून चालत नाही. नावात खार असला तरी तो खारटपणासाठी नसतोच.

पाठ्यपुस्तकांनी हा गुंता सोडवला आहे, आणि चांगला सोडवला आहे. महाराष्ट्राच्या मराठी पुस्तकांत आम्लाला उदासीन करतो तो आम्लारी, पाण्यात विरघळणारा आम्लारी म्हणजे अल्क, आणि आम्ल व आम्लारी यांच्यापासून होतो तो क्षार. म्हणजे मराठी शाळेत ‘क्षार’ पक्का मिठाच्या बाजूला गेला. हिंदीत नेमकं उलट झालं. तिथे मिठाला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ म्हणजे अल्कली. ऐरोली-कोपरखैरण्यात शेजारपाजारची मुलं वेगवेगळ्या माध्यमांत शिकतात आणि संध्याकाळी एकाच क्लासला बसतात. ‘क्षाराने लाल लिटमस निळा होतो’ हे वाक्य हिंदी पुस्तकातून बरोबर आहे आणि मराठी पुस्तकातून चूक. मुलाला यात गोंधळ झाला तर त्याची समज कच्ची आहे असं मानू नका. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून दाखवा.

एक गाठ मात्र पुस्तकातही उरते. धुण्याचा सोडा कुठल्या बाजूचा? सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनिक आम्ल यांच्यापासून तो झालेला, म्हणून पुस्तकी अर्थाने क्षार. पण पाण्यात विरघळला की ते पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं, सामू अकराच्या आसपास जातो आणि हळद लाल होते. कारण आम्ल दुबळं होतं आणि आम्लारी तगडा. तगड्याचा स्वभाव संततीत उतरला. जुन्या माणसांनी मीठ आणि सोडा एका नावाखाली ठेवले त्यात म्हणूनच अगदी अडाणीपणा नव्हता.

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की ‘क्षार’ हा एक आकडा शोधू नका. तो चार ओळींत विखुरलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्यांच्या मर्यादा अशा आहेत: एकूण विरघळलेले घनपदार्थ, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅम, एकूण कठीणता २००, एकूण अल्कता २००, क्लोराइड २५०. दुसरा स्रोतच नसेल तर हे अनुक्रमे २०००, ६००, ६०० आणि १००० पर्यंत चालवून घेतात. सामू साडेसहा ते साडेआठ, त्यात सवलत नाही.

टीडीएस ही सगळ्यांची बेरीज. पेनासारखं मीटर पाण्यात बुडवतात ते क्षार मोजतच नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्याला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरावीक संख्येने गुणून आकडा दाखवतं. कुठला क्षार, हे त्याला कळत नाही. दहा लिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम मीठ टाका: आकडा पाचशेच्या आसपास वाढेल, पण गिझरमध्ये त्याने कणभरही थर बसणार नाही.

थर बसतो तो कठीणतेचा. कठीणता म्हणजे फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. जुन्या पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हणत, ज्यात साबणाला फेस येत नाही ते. फार नेमका शब्द होता, मागे पडला. बोलताना आपण ‘जड पाणी’ म्हणतो, पण वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जड पाणी म्हणजे ड्युटेरियमचं पाणी, अणुभट्टीत वापरायचं. तेव्हा ‘कठीण’ बरा. तपासायला बाटलीत १०० मिलिलिटर पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा गरम पाण्यात विरघळवून त्याचे थेंब मोजून टाकत हलवत राहा आणि किती थेंबांना टिकणारा फेस येतो ते बघा. तेच बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यावर करा. कपड्यांची पावडर किंवा शॅम्पू वापरू नका. त्यांना कठीण पाण्यातही फेस येतो.

अल्कता ही आणखी वेगळी: पाणी किती आम्ल पचवू शकतं त्याचं माप. सामू साडेसातच असलेल्या पाण्याची अल्कता ३०० असू शकते, कारण त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. मराठी कागदांत हिला कधी कधी ‘क्षारता’ लिहितात. भूगोलात ‘सागरजलाची क्षारता’ म्हणजे खारटपणा, हजारी पस्तीस. एकच ‘क्षारता’, दोन मापं. अहवालात हा शब्द दिसला की शेजारचं एकक बघा. ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात’ असं लिहिलं असेल तर ती अल्कता.

कठीणता आणि अल्कता शेजारी ठेवल्या की गिझरचं भविष्य कळतं. समजा कठीणता ४२० आणि अल्कता ३००. मग ३०० एवढी कठीणता उकळून जाऊ शकते: बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडतो आणि चुन्याचा थर कॉइलवर बसतो. उरलेली १२० उकळूनही जात नाही. पंधरा लिटरच्या गिझरमधून रोज एक भरणं गेलं आणि तो ३०० चा भाग सगळा बसला तर दिवसाला साडेचार ग्रॅम होतात. प्रत्यक्षात त्यातला काही भागच बसतो, पण तापमान ६० अंशांपुढे गेलं की बसण्याचा वेग वाढतो. थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवणं हा म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय. किटलीतला थर काढायला लिटरभर पाण्यात २० ते ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तापवा, अर्धा तास ठेवा आणि दोनदा खळखळून धुवा. बुडबुडे आले तर तो कार्बोनेटचाच थर. हे पाणी ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनवाल्या क्लीनरजवळ नेऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. संगमरवरावर तर सांडूच नका; संगमरवर आणि तो थर रसायनाने एकच आहेत.

आता सॉफ्टनर. त्यातले राळेचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवून ते पुन्हा तयार करायचे. म्हणजे एक क्षार जातो, दुसरा येतो, आणि टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. यंत्र बसवल्यावर सभासद मीटर बुडवून बघतात, आकडा हलत नाही आणि सभेत फसवणुकीची भाषा सुरू होते. यंत्र कदाचित उत्तम चालत असतं; तपासणी साबणाने किंवा कठीणतेच्या किटने करायला हवी होती. उलटही घडतं. इमारत खाडीला लागून, बोअरमध्ये खाडीचं पाणी झिरपतंय, तक्रार खारट चवीची आणि गंजलेल्या नळांची. तिथे सॉफ्टनरचा काही उपयोग नाही, तो सोडियम क्लोराइडला हातही लावत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. शंभर लिटर गोड्या पाण्यात दीड लिटर समुद्राचं पाणी मिसळलं की २५० ची मर्यादा ओलांडली. तिथे एकतर आरओ, नाहीतर त्या बोअरचा उपसा कमी करणं, कारण जास्त उपसलं की खाडी आणखी आत येते.

नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांनी यंत्र घेण्याआधी एकदा मीटर लावून बघावं. धरणाचं पाणी पावसाचं, खडकांत फार मुरलेलं नसतं, त्यामुळे त्यात विरघळलेले क्षार थोडेच असतात. तिथे गाळणं आणि जंतू मारणं पुरतं.

क्षाराचे दोन अर्थ एकमेकांवर उठतात ती जागा म्हणजे स्लॅब. सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि काँक्रीटच्या आतला ओलावा साडेबारा-तेराच्या सामूवर राहतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा बसतो आणि ती गंजत नाही. मग खाडीच्या वाऱ्यातलं, पाण्यातलं किंवा न धुतलेल्या खाडीच्या रेतीतलं क्लोराइड आत पोहोचतं आणि तो पापुद्रा जागोजागी फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, सळईवरचा काँक्रीटचा थर फुटतो, छताचे पोपडे पडतात. म्हणजे ‘क्षारामुळे सळई टिकते’ हेही खरं आणि ‘क्षारामुळे सळई गंजते’ हेही खरं. पहिल्या वाक्यात अल्क आहे, दुसऱ्यात मीठ.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये काँक्रीट थोडं फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा (हळदीसारखंच अल्कात रंग बदलणारं रसायन) फवारा मारतात. गुलाबी झालं तिथे अल्क शिल्लक आहे. रंग आलाच नाही तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते खाऊन टाकलंय आणि सामू नऊच्या खाली आलाय. पण गुलाबी रंग आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ही चाचणी मीठ दाखवत नाही. खाडीकाठच्या इमारतीत क्लोराइडची चाचणी वेगळी मागून घ्या.

दुरुस्तीच्या वेळी दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. पहिली, पाणी. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) सळईच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. पिण्याच्या मानकात नाइलाज म्हणून १००० पर्यंत चालतं. म्हणजे माणसाला निभावून नेता येईल असं पाणी स्लॅबला चालणार नाही. मिक्सिंगला टँकरचं आणि क्युरिंगला (नव्या काँक्रीटवर मारायला) बोअरचं, ही वाटणी खाडीकाठी करू नका. दुसरी, ॲसिड. बाथरूमच्या फरश्या चमकाव्यात म्हणून ओततात ते हायड्रोक्लोरिक आम्ल सांध्यांतून खाली उतरतं, तिथला अल्क मारतं आणि मागे क्लोराइड ठेवून जातं. सळईचं रक्षण करणारा क्षार गेला आणि तिला खाणारा आला, एकाच बाटलीतून.

मातीच्या अहवालात ही दोन नावं निदान वेगळी ठेवलेली असतात. ‘विद्राव्य क्षार’ किंवा विद्युत वाहकता म्हणजे मीठ. सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम जास्त, ती चोपण जमीन. वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली, सामू साडेआठच्या आत राहिला आणि चिकटलेलं सोडियमही कमी, तर ती क्षारयुक्त. क्षारयुक्त जमिनीला भरपूर गोडं पाणी आणि निचरा लागतो. चोपण जमिनीला आधी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) लागतं, कारण नुसतं पाणी दिलं तर चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि पाणी वरच साचतं. उलट क्षारयुक्त कुंडीत जिप्सम घालणं म्हणजे मिठात मीठ घालणं, कारण जिप्समही एक क्षारच. कुंडीच्या मातीवर आणि काठावर पांढरी साय आली असेल तर पाच लिटर मातीच्या कुंडीतून १० ते १५ लिटर चांगलं पाणी हळूहळू जाऊ द्या आणि ताटलीत उतरलेलं पाणी फेकून द्या. ते पुन्हा मुळांना मिळालं तर कष्ट फुकट.

ठाणे-पनवेलच्या खारभूमीत हेच काम पाऊस करतो. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पहिल्या पावसांना वरच्या थरातलं मीठ धुऊन नेऊ द्यायचं आणि मग भात लावायचा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या ‘पनवेल १, २, ३’ या भाताच्या जाती मीठ सोसणाऱ्या आहेत. बांध फुटला आणि एकदा भरती आत आली की शेत पुन्हा धुऊन निघायला पावसाळा जावा लागतो.

डॉक्टरांचा ‘क्षार’ मात्र सरळ आहे: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, म्हणजे मिठाच्या जातीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरभर जलसंजीवनीत २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नका, लहान मुलाला ते घातक ठरतं. ‘क्षार’ ऐकून त्यात खायचा सोडा घालू नका, आणि क्षार जास्त आहेत म्हणून बोअरचं पाणीही पाजू नका. त्यातले क्षार बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमचे, खाडीकाठी तर बेहिशेबी मिठाचे, आणि जुलाबात अंगातून जातात ते सोडियम-पोटॅशियमचे.